एकोणिसावी गाठ

१

"मी ती वाट पाडली नसती, तर दुसऱ्या कुणी पाडलीच असती का?"

हा प्रश्न मुकांझानं पहिल्यांदा विचारला तो सुतकाच्या तिसऱ्या दिवशी, चोत्यात बसलेल्या सगळ्या पुरुषांसमोर. गवताच्या त्या गोल छपराखाली दहाबारा जण होते. कुणी चिलीम ठोकली, कुणी खाकरलं. म्हाताऱ्या साकाउंबानं आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. नंतर मुकांझानं शाळेतल्या मास्तरांना विचारलं, वहिनीला विचारलं. वहिनीनं नुसतं तोंड फिरवलं. तिनं शिवी दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

वाट काही मोठी नव्हती. त्याच्या झोपडीच्या मागून सुरू होऊन जुन्या खड्ड्यापर्यंत, शे-दीडशे पावलं. एका सकाळचं काम.

२

मुकांझाचा थोरला भाऊ चिलोंबो वरच्या शाळेत गणित शिकवायचा. मुकांझा स्वतः तिसरीपर्यंत गेला होता. आकडे वाचता यायचे, नाव लिहिता यायचं, पुढं त्याचं आणि पाटीचं जमलं नाही. थोरल्या भावाला तिकडे 'याया' म्हणतात. चिलोंबो त्याचा याया होता, आणि वडील लवकर गेल्यामुळे बाकी सगळंही तोच होता.

रोज दुपारी शाळा सुटली की याया चोत्यात येऊन बसायचा. समोर चहाचा पेला, मांडीवर शाळेचा लॅपटॉप, शेजारी कागदांचं बाड. कागदांवर वाळूतली चित्रं होती. जुन्या लोकांनी काढलेली, साठेक वर्षांपूर्वी कुणी पाहुण्यानं कागदावर उतरवून घेतलेली.

ही चित्रं मुकांझाही शिकला होता, आजोबांकडे. वाळू सारखी करायची, दोन बोटांनी सारख्या अंतरावर ठिपके उठवायचे आणि मग एका बोटानं एकच रेघ ओढायची. ती ठिपक्यांना वळसे घालत, स्वतःलाच ओलांडत, जिथून निघाली तिथं परत आली पाहिजे. बोट उचलायचं नाही, थबकायचं नाही. थबकलं की बघणारी मंडळी खो खो हसायची. आणि चित्र झालं की पुसायचं. ज्यानं काढलं त्यानंच.

मुकांझाचं बोट हमखास थबकायचं. मग तो चिडून उठून जायचा, आणि त्याचं अर्धवट चित्र याया गुपचूप तळहातानं पुसायचा. आजोबा ओरडायचे, "त्याचं त्याला पुसू दे! तू पुसलेलं धरत नाही." याया हसायचा.

"दिवसभर काय बघतोस रे यात?" मुकांझानं एकदा विचारलं.

"दोन गावांची दोन चित्रं घेतो. दोन्हींत सारखा असलेला सगळ्यात मोठा तुकडा शोधतो. म्हणजे कळतं, कोण कुणाकडून शिकलं."

"मग शोध की. त्यात काय एवढं?"

यायानं कागदावर बोट ठेवलं. "हे बघ, रेघ स्वतःला ओलांडते तिथं गाठ धरायची. पाच गाठींचं चित्र असेल तर तूही शोधशील. पण प्रत्येक गाठीसाठी समोरच्या चित्रातली प्रत्येक गाठ लावून बघावी लागते. एक गाठ वाढली की काम एकानं वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतं. वीसेक गाठी झाल्या की हे मशीन चालूच राहील. मी म्हातारा होईन, मरेन, तरी चालूच."

"मग मशीन बिघडलंय तुझं."

"मशीन ठीक आहे. प्रश्नच तसा आहे, वेड्या. आणि गंमत म्हणजे कुणी नुसतं बोट ठेवून म्हणालं, हा बघ तो तुकडा, तर जुळतो की नाही ते चहा संपेपर्यंत तपासता येतं. शोधणं कठीण. तपासणं सोपं."

घरातून वहिनी ओरडली, "सोपं काही निघालं की भाऊच आठवतो का तुम्हाला? चहा गार झाला!"

ल्वेजी वहिनी मुकांझाला 'धाकटा नवरा' म्हणायची. तिकडे दिराची तशी थट्टा करायचा रिवाजच आहे. "धाकट्या नवऱ्या, लाकडं आण," "धाकट्या नवऱ्या, तुझ्यापेक्षा बकरी शहाणी." तोही काहीतरी वेडंवाकडं बोलायचा. तिची पाच वर्षांची लेक कासेया दोघांकडे बघून पोट धरून हसायची.

३

एका दुपारी यायानं नुसती गंमत केली. बाडातलं एक चित्र घेतलं, एकोणीस गाठींचं. आणि समोर दुसरं चित्र म्हणून आपल्याच वस्तीच्या पायवाटा मांडल्या. कुठून कुठं वाट जाते, कुठं दोन वाटा एकमेकींना ओलांडतात. विहिरीशी, शाळेच्या वळणावर, साकाउंबाच्या अंगणात. मशीन चालू केलं आणि चहात साखर टाकली.

साखर विरघळायच्या आत उत्तर आलं.

"अरेच्चा," याया म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. अठरा गाठी जुळल्या."

"मग बरंच की."

"बरंच आहे." यायानं कागद घेतला, पेन्सिल घेतली, एकेक गाठ लावत गेला. विहीर इथं, शाळा इथं, आपलं अंगण इथं. पेला तसाच राहिला. तपासून झाल्यावर त्यानं मान वर केली तेव्हा तो हसत होता, पण ते हसू तोंडावर जरा जास्तच वेळ राहिलं.

"पहिल्याच फटक्यात लागलं असेल," तो म्हणाला. "नशिबानं होतं कधीकधी."

मग त्यानं त्याच कागदासमोर पलीकडच्या वस्तीच्या वाटा मांडल्या. मशीन घरघरत राहिलं. दुसऱ्या दिवशीही घरघरत होतं. चौथ्या दिवशीही. आपल्या वस्तीच्या वाटा पुन्हा दिल्या की मात्र तत्काळ उत्तर: अठरा.

"म्हणजे शोधावं लागतच नाही त्याला," याया हळूच म्हणाला. "शोधून ठेवलेलंच आहे."

"एकोणिसावी कुठली रे?"

यायानं बोट ठेवलं. कागदावर एका कोपऱ्यातून, जिथं त्यांचं अंगण येत होतं तिथून, रेघ बाहेर पडत होती. एकट्या एका ठिपक्याभोवती वळसा घालून ती स्वतःलाच येऊन ओलांडत होती. वस्तीत त्या बाजूला नुसतं कंबरभर गवत होतं आणि त्याच्या पलीकडे, हिरे शोधणाऱ्यांनी खणून सोडून दिलेला, पाण्यानं भरलेला खड्डा.

"तिकडे वाट नाही आपली," याया म्हणाला. असं म्हणाला, जणू देवाचे आभार मानत होता. मुकांझाला ते त्या वेळी कळलं नाही.

४

कडू कसाव्याचे कंद चार दिवस पाण्यात भिजवल्याशिवाय खाता येत नाहीत. ओढा लांब होता. वहिनी रोज डोक्यावर टोपली घेऊन उतारावरून जायची, यायची.

"धाकट्या नवऱ्या, तुझे दंड काय दाखवायला आहेत? त्या खड्ड्यात एवढं पाणी आहे. एखादा पुरुष असता तर वाट पाडून दिली असती एव्हाना."

"एवढंच ना?" मुकांझा उठला, कोयता घेतला आणि निघाला. विचारणं-बिचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. थंडीचे कोरडे दिवस होते, गवत पटापट तुटत होतं. झोपडीच्या मागून तो खड्ड्यापर्यंत गेला. टोपली कुठल्याही बाजूनं उतरवता यावी म्हणून खड्ड्याभोवती पूर्ण वळसा घातला आणि जिथं आपल्याच वाटेला येऊन मिळाला तिथं कोयता खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात कुठं थबकला नव्हता.

याया दुपारी आला आणि झोपडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"वहिनी एवढं लांब जाते म्हणून पाडली. शाबासकी राहिली बाजूला..."

"बुजव ती. आत्ताच. गवत लाव, काटे टाक, काहीही कर. मुकांझा, तू काढलीस, तूच पुसायला हवीस."

तो 'पुसायला' म्हणाला. हेही मुकांझाला नंतरच आठवलं. त्या वेळी त्याच्या हातांना फोड आले होते, मान तापली होती, आणि वहिनी व पोरगी बघत होत्या.

"तुला एवढी टोचतेय तर तूच पूस!" तो ओरडला. "लहानपणापासून पुसत आलायस ना माझं? मग पूस!"

आणि कोयता फेकून तो मित्रांकडे निघून गेला. यायाशी तो शेवटचं जे बोलला ते हे.

५

सकाळी दाट धुकं होतं. मुकांझा परतला तेव्हा याया घरी नव्हता, फावडं जागेवर नव्हतं.

चिलोंबो खड्ड्यात सापडला. काठची खडी सुटी होती, ती फावड्यासकट त्याला घेऊन खाली गेली होती. वहिनीनं आदल्या संध्याकाळी भिजत टाकलेला कसावा त्याच्याभोवती तरंगत होता. वर काठावर, जिथं वळसा वाटेला मिळत होता तिथून, त्यानं चारपाच हात जमीन सारखी केली होती. अगदी स्वच्छ. तळहातानं फिरवल्यासारखी.

माती दिल्यानंतर मुकांझानं चोत्यातला लॅपटॉप उघडला. कुठली कळ दाबायची ते त्यानं पाहून पाहून पाठ केलं होतं. शेवटचं उत्तर समोर आलं. यायानं ते त्याच दुपारी, भांडणानंतर, काढलं असणार.

एकोणीस. त्याखाली पुन्हा एकोणीस.

मागे कुठंतरी पलीकडच्या वस्तीचा हिशेब अजून चालूच होता. पंखा घरघरत होता. मुकांझानं झाकण लावलं, मग तो जुना कागद बाडातून ओढला आणि चुलीत घातला. कागद जळाला. बाहेर वाट होती तिथंच होती.

६

सुतकाच्या मंडळींनी वाटेवर काटे टाकले होते, खड्ड्याशी कुंपण घातलं होतं. तिसऱ्या दिवशी काटे आणि कुंपणाचे दांडके बाजूला रचलेले दिसले. फेकलेले नव्हते, नीट एकावर एक रचलेले. पोरांचा उद्योग, सगळे म्हणाले. पुन्हा टाकले. पुन्हा रचलेले.

मग दुपारचा आवाज सुरू झाला. ऊन डोक्यावर आलं, वस्ती जेवून लवंडली, की झोपडीच्या मागून ऐकू यायचं: खर्र... खर्र... मध्ये थांबायचं, माणूस पाठ सरळ करायला थांबतो तसं. पुन्हा खर्र.

मुकांझानं पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं, डुक्कर असेल. दुसऱ्या दिवशी सांगितलं, वारा. तिसऱ्या दिवशी त्यानं जाऊन बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं. खड्ड्याच्या बाजूनं वीसेक पावलं जमीन ओली आणि सारखी केलेली होती, आणि तिला भिजलेल्या कसाव्याचा आंबूस वास होता. पाणी झिरपत असेल, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, जवळ कुणी नसताना. दुसऱ्या सकाळी ती ओली जमीन पुन्हा तुडवलेली, टणक वाट झाली होती.

रोज तसंच. दुपारी पुसलं जायचं, सकाळी वाट परत. फक्त ओल रोज थोडी पुढं आलेली असायची. आधी मुंग्यांच्या वारुळापर्यंत. मग पडलेल्या ओंडक्यापर्यंत. मग पपईपर्यंत. पपईपासून झोपडी वीस पावलांवर.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण खरं सांगायचं तर तो दुपारची वाट बघायचा. भिंतीला पाठ टेकून ऐकत बसायचा. याया घराकडे येत होता. रोज काही पावलं, पण येत होता. वाट बुजवणं त्याच्या हातात होतं आणि तो बुजवत नव्हता. याया येत राहावा म्हणून.

एकदा जेवताना कासेया म्हणाली, "बाबाचे हात दुखतात."

वहिनीचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं?"

"त्यानंच. म्हणतो, पुसलं की परत होतं. खूप दमलाय." तिनं कसाव्याच्या पिठाच्या शिम्याचा गोळा मोडला, कालवणात बुडवला. "मी मदत करू का म्हटलं. काही बोलला नाही."

वहिनी रडली नाही. तिनं मुकांझाकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ. "धाकट्या नवऱ्या," ती म्हणाली, आणि त्यात थट्टा नव्हती, "माझी एवढी एकच उरलीय."

दुसऱ्या दुपारी आवाज सुरू झाला तेव्हा मुकांझाला डुलकी लागली होती. जाग आली ती आवाजानं नाही, आवाज दोन झाल्यानं. खर्र... आणि मागून एक हलका, छोटा खस्स. तो धावला. कासेया पपईच्या पुढं गेली होती. हातात अंगणातला झाडू होता, ती वाट झाडत खड्ड्याकडे चालली होती, आणि तिच्या डाव्या बाजूला एक हात जागा सोडून चालत होती. मोठ्या माणसाच्या शेजारून पोरं चालतात तशी.

त्यानं तिला उचललं. ती किंचाळत, लाथा झाडत होती. "त्याला एकट्याला होत नाही! काका, त्याला नाही होत!"

७

"ताता, तुम्ही ते चित्र काढताना बघितलं होतं ना?" मुकांझानं म्हाताऱ्याला विचारलं.

साकाउंबा सत्तरीचा होता. कान शाबूत होते, पण हवं तेव्हाच ऐकायचा. "कुठलं चित्र?"

"एकोणीस गाठींचं. पाहुण्यानं उतरवून घेतलेलं."

"मी तेव्हा गुरं राखायचो." त्यानं चिलीम बाजूला ठेवली. "माझ्या मामानं काढलं. पुसायला हात खाली नेला तर पाहुण्यानं मनगट धरलं. थांबा म्हणाला, उतरवून घेतो. मामाला पुसायचं राहिलं. एवढंच मला माहीत आहे."

"तेव्हा इथं वस्ती होती?"

"इथं? इथं काय असायचंय? नुसतं गवत."

मुकांझा जरा पुढं सरकला. तो म्हणाला, "पुसायचं कसं असतं, ताता? नीट सांगा. मी कधी थांबलोच नाही शेवटपर्यंत."

"माहीत आहे. तोंड फुगवून पळायचास." म्हातारा हसला नाही. "ज्यानं काढलं त्यानं. जिथं बोट टेकलं तिथून, जिथं उचललं तिथवर. आणि पुसलेल्यावर परत पाय ठेवायचा नाही. ठेवला तर पुन्हा उमटतं."

"मग पुसणारा कुठं राहतो?"

"वाळूतलं चित्र केवढंसं असतं रे. माणूस बाहेर बसलेला असतो." आणि मग म्हाताऱ्याला कळलं काय विचारलं गेलंय ते. त्यानं मुकांझाचा हात धरला, धरून ठेवला.

८

सकाळी मुकांझा पोटभर जेवला. वहिनीला म्हणाला, शिमा कच्चा आहे, बकरीही खाणार नाही. वहिनी म्हणाली, मग बकरीला विचारून ये. कितीतरी दिवसांनी. त्यानं कासेयाला वहिनीच्या पाठीवर कापडानं घट्ट बांधून दिलं आणि दोघींना आजोळी पोचवायला साकाउंबाच्या नातवाला सांगितलं. "संध्याकाळी या," म्हणाला.

मग त्यानं झोपडीच्या मागून सुरुवात केली, जिथं पहिला कोयता घातला होता तिथून. टणक जमीन फावड्यानं उकरली, भुसभुशीत केली, बाजूच्या गवताचे गड्डे मुळासकट लावले, मागे सरत सरत तळहातानं माती सारखी केली. मागे सरायचं म्हणजे खड्ड्याकडे. समोर पुसलेलं होतं, त्याच्यापुढं झोपडी. ती हळूहळू लहान होत होती.

पपई. ओंडका. वारूळ. हात थबकत नव्हता.

ऊन डोक्यावर आलं आणि पाठीमागून आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... वळून बघायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं बघितलं नाही. आवाज आज पुढं सरकत नव्हता. वळशापाशी थांबून होता, वाट बघितल्यासारखा.

गाठीशी पोचल्यावर तो वळशात शिरला आणि खड्ड्याला फेरी घालत, काठच्या सुट्या खडीवरून, पुसत पुसत पुन्हा गाठीकडे आला. आता चहूकडे पुसलेली जमीन होती, एका अंगाला पाणी, आणि मध्ये तो उभा होता तेवढी हातभर जागा. इथंच त्यानं कोयता खाली ठेवला होता.

तो गुडघ्यांवर बसला. आंबूस वास आला. त्याच्या हाताच्या समोर, त्या हातभर तुकड्याच्या पलीकडच्या कडेला, माती आपोआप सारखी होत होती. चार बोटं आणि तळवा. ओली. पाण्यानं सुरकुतलेल्या बोटांच्या खुणा उमटत होत्या आणि पुसल्या जात होत्या, उमटत होत्या आणि पुसल्या जात होत्या. लहानपणी तो चिडून उठून गेल्यावर मागे जसं व्हायचं, अगदी तसंच. तेव्हा त्यानं कधी वळून बघितलं नव्हतं.

"नको, याया," मुकांझा म्हणाला. "सोड. हे माझं आहे."

पलीकडचा हात थांबला.

मग त्यानं तळहात टेकवला, आणि गुडघ्यांखालची उरलेली जागाही पुसली.